एकाच बांधावरून

जलरंगांच्या कार्यशाळेचे चार दिवस संपले तेव्हा माझ्या पिशवीत सात चित्रं होती आणि सातही बरी होती. घरी आल्यावर पुढच्या रविवारी एकटीनं काढलेलं आठवं चित्र मात्र मी कुणालाच दाखवलं नाही. तोच डोंगर, तेच रंग, तोच कागद. मग झालं काय, हे समजायला मला पुढचं सबंध वर्ष लागलं. त्या वर्षाबद्दल लिहायचं आहे.

मी परतवाड्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा, त्याही पंचवीस वर्षांपूर्वीच्या. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला जलरंगातल्या निसर्गचित्रणाची कार्यशाळा आहे असं एका मैत्रिणीकडून कळलं. घरापासून तीसेक किलोमीटरवर, घाट चढला की पोचलं. नाव नोंदवलं.

पहिल्या दिवशी सरांनी रंगपेटी उघडूच दिली नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढे दोनच रंग. ते मिसळून होणाऱ्या करड्या रंगात दिवसभर काम. उजळ, मध्यम, गडद असे तीनच टोन. प्रकाश वरून येतो, म्हणून आकाश सगळ्यात उजळ, आडवी जमीन त्याच्याखालोखाल, डोंगराचा उतार त्याहून गडद आणि उभं झाड सगळ्यात गडद. हे एवढं सूत्र त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. दुसरा दिवस आकाशाचा. बोर्ड तिरका धरायचा, ब्रश भरून घ्यायचा, वॉशच्या, म्हणजे कागदावर पसरलेल्या पातळ रंगाच्या, खालच्या काठाला रंगाचा थेंब साचलेला ठेवायचा आणि तो थेंब ओढत ओढत खाली आणायचा. तिसरा दिवस अंतराचा. दूरचा डोंगर निळा आणि फिका, जवळचा उबदार आणि गडद. मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि तो आपल्या आणि डोंगराच्या मध्ये पडद्यासारखा येतो, असं सरांनी सांगितलं. चौथ्या दिवशी दोन तासांची मुदत. दोन तास झाले की ब्रश खाली, चित्र पुरं असो की अपुरं.

ते चारही दिवस मला अजून आठवतात. देवी पॉइंटच्या दरीत सकाळी धुकं बसायचं आणि सोळा माणसं न बोलता वाकून रंगवत असायची. शेजारी कुणीतरी तुमच्यासारखंच धडपडत असतं, त्याचा मोठा आधार असतो.

आठवं चित्र काढायला निघाले तेव्हा पहिला तास गेला जागा शोधण्यात. इथून झाड आडवं येतं, तिथून दरी दिसते पण डोंगर कापला जातो, पुढं बघू, अजून थोडं पुढं. शेवटी बसले तोवर ऊन वर आलं होतं. कार्यशाळेत कुठं बसायचं हे सरांनी ठरवलेलं असायचं आणि कधी थांबायचं हेसुद्धा. चित्रातले हे दोन सगळ्यात अवघड निर्णय मी चार दिवसांत एकदाही घेतले नव्हते, आणि ते निर्णय असतात हेही मला ठाऊक नव्हतं.

म्हणून ठरवलं की वर्षभर जागा एकच ठेवायची. मोथा गावाच्या अलीकडे, धामणगाव गढीकडून येणाऱ्या रस्त्यापासून चार पावलांवर, पठाराच्या दक्षिण काठाला एक पडीक वावर आहे. मालकाला विचारलं, त्यांनी आनंदानं हो म्हटलं. त्या वावराच्या बांधावर बसलं की उजव्या हाताला डोंगराची एक लांब सोंड मैदानात उतरताना दिसते, तिच्यामागं आणखी दोन फिक्या डोंगरधारा, आणि समोर सहा-सातशे मीटर खाली वऱ्हाडचं मैदान. मेळघाटात कुठंही पायी शिरून बोर्ड मांडता येत नाही. हा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे आणि वनखात्याचे नियम योग्यच आहेत. रस्त्यालगतची, गावाच्या हद्दीतली, मालकाच्या परवानगीची जागा पाहणं हाच सरळ मार्ग.

एकटी जाऊ नकोस, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. यांची रविवारी दुकानातून सुटका नसते. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मी येतो संग." माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. स्कूटीवर मागे बसून, मांडीवर माझी पिशवी धरून त्यांनी वर्षभर घाट चढला. मी रंगवायला बसले की त्या बाभळीच्या सावलीत वाकळ शिवत बसायच्या. माझ्या चित्रांची पहिली परीक्षक त्याच झाल्या. ती परीक्षा किती कडक होती, ते पहिल्या महिन्यातच कळलं.

डिसेंबरातली गोष्ट. तीन तास खपून मी सोंड, बांधावरचं मोहाचं झाड आणि एक मोठा धोंडा असं चित्र केलं होतं. मला ते आवडलं होतं. आत्याबाईंनी सुई दोऱ्यात अडकवून ठेवली, कागद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे झाड सकायचं हाय, अन् हा धोंडा दुपारचा. दोन्ही एका कागदावर कसे काय आणले तुनं?"

मी पाहिलं. झाडाची सावली मी साडेसातला काढली होती, ती उजवीकडे लांब गेली होती. धोंड्याकडे वळले तोवर साडेदहा झाले होते. त्याची सावली आखूड होऊन आमच्या बाजूला वळली होती आणि मी ती जशी दिसली तशी काढली होती. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो हे मी पाचवीच्या मुलांना शिकवते. पण सावली पाहून दिवस मोजणाऱ्या बाईला जे क्षणात दिसलं, ते मला तीन तास समोर बसून दिसलं नव्हतं. जन्मभर वावरात राबलेल्या माणसाला सावली म्हणजे घड्याळच.

त्यानंतर बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत, रंग लावायच्या आधी, सावल्यांचे आकार पेन्सिलीनं आखून टाकायचे आणि मग ऊन कुठंही जावो, ते बदलायचे नाहीत, हा नियम केला. वर कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहायची. दोन तासांची मुदत सरांनी कशासाठी घातली होती, तेही तेव्हा उमगलं. मी तिला वेगाचा सराव समजत होते. दोन तासांपेक्षा जास्त बसलं तर समोरचं दृश्यच दुसरं होतं.

दुसरी अडचण उजेडाची. बांधावर चांगली वाटणारी चित्रं घरी ट्यूबलाइटखाली पाहिली की काळवंडलेली दिसायची. आत्याबाई विचारायच्या, "एवढा अंधार काऊन केला वं?" कारण सापडायला पाच-सहा चित्रं वाया गेली. कागदावर थेट ऊन पडलं की तो इतका लखलखतो की त्यावरचा प्रत्येक रंग आहे त्याहून फिका भासतो. मग हात आपोआप जास्त रंग घेतो. सावलीत नेलं की सगळं गडद. म्हणून कागद सावलीत हवा. मी छत्री नेली, तर तिच्या लाल कापडातून उतरलेला रंग कागदावर पसरला आणि माझे सगळे करडे रंग बिघडले. शेवटी मामंजींची जुनी काळी छत्री कामाला आली. काळ्या कापडातून रंग उतरत नाही. अंगातले कपडेही फिके किंवा करडे असलेले बरे. भडक साडीचा रंग उन्हात कागदावर परततो. बाहेर बसून रंगवायचं असेल तर महागड्या ब्रशच्या आधी काळी छत्री घ्या, असं मी कुणालाही मनापासून सांगेन.

आणि कागद. सुरुवातीला एका दुकानदारानं कॉटनचा म्हणून दिलेला कागद कॉटनचा नव्हता. पहिल्या वॉशलाच तो पन्हाळीसारखा वाकला आणि दुसऱ्या हाताला त्याचे कण सुटू लागले. महिनाभर मी दोष स्वतःच्या हाताला देत राहिले. नंतर ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, शंभर टक्के कॉटनचा फुल शीट मागवला. २२ बाय ३० इंचाचा एक शीट घेऊन त्याचे चार तुकडे केले तर ११ बाय १५चे चार कागद मिळतात. दोन तासांत तेवढाच आकार झेपतो. रंग साधे चालतात, कागद साधा चालत नाही.

आता मुख्य गोष्ट.

नोव्हेंबर-डिसेंबरात सरांचं सूत्र हुबेहूब लागू पडत होतं. दूरची धार निळी, मधली निळसर हिरवी, जवळचं वाळलेलं गवत सोनेरी. मी मातकट पिवळा यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन यांच्या जोरावर चित्रामागून चित्र करत गेले आणि मला वाटलं, जमलं. मग फेब्रुवारी आला. सागाची पानं गळाली. सोंड अंगावरचं पांघरूण काढल्यासारखी उघडी झाली. तरी मी हिरवाच रंग घेत होते, कारण डोंगर म्हटला की हात हिरव्याकडे जातो. एके दिवशी ठरवून ब्रश बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसती पाहत राहिले. समोर हिरवं जवळजवळ काहीच नव्हतं. हजारो उघड्या फांद्या लांबून एकत्र दिसत होत्या आणि त्यांचा रंग होता जांभळट राखाडी, कबुतराच्या पाठीसारखा. मधे सलईची गोरी खोडं. खाली नाल्याच्या काठानं तेवढी हिरवी रेघ. आणि पळस फुललेला. पळसाचा केशरी रंग मी आधी सगळीकडे टिपके देऊन वापरला, तो वरून चिकटवल्यासारखा दिसला. पळस डोंगरावर सारखा पसरलेला नसतो. बांधाला, पडीक जमिनीला, उताराच्या पायथ्याला तो जास्त असतो. त्या दिवशी चित्रात फक्त तीन पळस ठेवले आणि डोंगराला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थेंबभर अ‍ॅलिझरीन क्रिमसन, म्हणजे गर्द लाल. वर्षातलं माझं पहिलं खरं चित्र ते. त्यात सुंदर काही नसेल, पण तो फेब्रुवारीतला सातपुडा आहे, दुसरा कुठला डोंगर नाही.

एप्रिलमध्ये निळाही गेला. हा धक्का मोठा होता, कारण दूरचं ते निळं हे मी निसर्गाचा कायदाच समजत होते. एप्रिलच्या दुपारी दूरच्या दोन्ही धारा निळ्या नसतात. त्या मातकट असतात, ताकात हळद सांडल्यासारख्या. नंतर वाचून कारण समजलं. हवेतले अतिसूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, पण धूळ आणि धुराचे कण मोठे असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. पावसानं धुतलेल्या हवेतला डोंगर म्हणून निळा, आणि उन्हाळ्यातल्या धुळीमागचा डोंगर फिका, पांढुरका. सरांचं सूत्र चुकीचं नव्हतं. ते दिवाळीचं होतं. चैत्रात आकाशही डोक्यावर असतं त्यापेक्षा क्षितिजाशी पांढरं होतं, आणि उन्हात तापलेलं वाळकं गवत कधीकधी त्या आकाशाहून उजळ दिसतं. म्हणजे पहिल्या दिवशीचं, आकाश सगळ्यात उजळ, हेही दर वेळी खरं नाही. ते दर वेळी समोर पाहूनच ठरवावं लागतं.

त्याच महिन्यात रंग वाळण्याचा प्रश्न. डिसेंबरात सकाळी सातला लावलेला वॉश वीस मिनिटं ओला राहायचा; एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश अर्ध्यावर येतो न येतो तोच वरचा भाग वाळलेला असे आणि मधे कडक रेघ उमटे. उपाय म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी ओला करून बोर्डावर चिकटवायचा, रंग आधीच मुबलक कालवून ठेवायचा आणि आकाश एका दमात उतरवायचं. कालवलेला रंग मधेच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही.

शाळा सकाळपाळीची झाली होती, त्यामुळे रविवारची पहाट आणखी मोलाची वाटायची. पण मोह गळायचे दिवस होते. मोहाच्या फुलांसाठी अस्वलं रात्री आणि पहाटे झाडाखाली येतात आणि मेळघाटातल्या माणसांना ते पक्कं ठाऊक असतं. बांधावरचं झाड मोहाचंच. वावराच्या मालकानं सांगितलं, "ऊन निंगाल्याबिगर त्या झाडाखाली बसू नका, मॅडम." मार्च-एप्रिल आम्ही साडेसातच्या आधी पोचलो नाही. तांबूस पहाटेचं एकही चित्र माझ्याकडे नाही आणि त्याची मला खंत नाही. त्या वेळी त्या झाडावर त्यांचा हक्क आहे.

मधे दोनदा गाविलगडावर गेले. १५ डिसेंबर १८०३ला हा किल्ला इंग्रजांनी जिंकला, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं. शार्दूल दरवाजावरचं शिल्प आणि तटाचे काळे दगड रंगवायला मोह पडतो. ती दोन चित्रं शाळेत सगळ्यांना सर्वांत आवडली. मला ती तितकी जवळची वाटत नाहीत. किल्ल्याची भव्यता आधीच तयार असते. सोंडेपाशी सगळं आपल्यालाच शोधावं लागतं.

तरी गडानं एक गोष्ट दिली. तटाखालचा कातळ पाहताना लक्षात आलं की हा डोंगर थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, पायऱ्यांसारखे. मी सोंड काढताना वरून खाली तिरपे फटकारे मारत होते, त्यामुळे ती मातीच्या ढिगासारखी दिसायची. पुढच्या रविवारी बांधावरून पाहिलं तर तिच्या अंगावर तीन आडव्या पट्ट्या स्पष्ट होत्या: उभा कडा, सपाट पायरी, पुन्हा कडा. सपाट पायरीवर झाडी दाट, कड्यावर विरळ. आठ महिने मी ती पाहत होते. हात आडवा फिरायला लागला आणि डोंगराला वजन आलं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पाच रविवारी बांधावर गेलो, त्यात दोनदा समोर फक्त पांढरं होतं. कागद हवेतलंच पाणी पिऊन सैल पडायचा, एक वॉश वाळायला अर्धा तास. आत्याबाईंना ढगात बसायला फार आवडलं. त्या काळात मी शाळेच्या व्हरांड्यातून झाडांचे अभ्यास केले.

सप्टेंबर संपता संपता हवा धुतल्यासारखी झाली आणि खालचं मैदान पहिल्यांदा पूर्ण उघडलं. उन्हाळाभर तिथं नुसता पांढरा धुरळा होता. आत्याबाई उठून काठाशी गेल्या आणि उजवीकडे, अंजनगावच्या दिशेला बोट करून म्हणाल्या, "ते पाय, तिकडे माहं माहेर हाय." मला तिथं हिरव्या-पिवळ्या तुकड्यांखेरीज काही दिसेना. त्यांना पाण्याची टाकी दिसत होती, की दिसायला हवी म्हणून दिसत होती, ते मी विचारलं नाही. "तुया चितरात ते कधी येईन?" असं त्यांनी विचारलं.

तेव्हापासून मी मैदानाच्या मागे आहे, आणि ते अजून जमलेलं नाही. डोंगराला कडा असतो, सावली असते, धरायला काहीतरी असतं. मैदानाला काहीच नाही. संत्र्याच्या बागांचे गडद चौकोन, कपाशीची फिकी हिरवी वावरं, मधे नांगरलेली काळी माती, आणि हे सगळं दूर जाताना इतकं चपटं होतं की एकेक वावर ब्रशच्या टोकाएवढी रेघ बनतं. तुकडे वेगळे काढले तर वाकळ होते, एकत्र केले तर आकाशाचाच दुसरा वॉश होतो. दोन्हीमधलं काहीतरी हवं. एक रस्ता असा वाटतो: सगळ्या मैदानावर आधी एकच फिका वॉश द्यायचा, तो अर्धवट ओला असताना दूरचे चौकोन सोडायचे म्हणजे त्यांच्या कडा विरघळतील, आणि पूर्ण वाळल्यावर फक्त जवळचे तीन-चार ठळक करायचे. गेल्या वेळी मी घाई केली, वॉश जास्त ओला होता आणि बागा पसरून डाग झाले. त्याच्या आधीच्या वेळी उशीर झाला आणि कडा कापल्यासारख्या राहिल्या. मधलं ते मिनिट सापडायला हवं. कागदावरची ओली चकाकी जाते पण गारवा असतो, ते मिनिट. बोटाच्या मागच्या बाजूनं कागद हलकेच चाचपून पाहते.

टाकीसाठी मी कागदाचा तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका कोरा ठेवते, दर चित्रात, त्याच जागी. आत्याबाई चित्र हातात आल्यावर आधी तोच शोधतात. या रविवारी सहाला निघायचं ठरलं आहे. भाकरी आणि ठेचा त्या आदल्या रात्रीच बांधून ठेवणार आहेत.